बाग हेही औषधच!

"रोज अर्धा तास चाला," असं मी मधुमेहाच्या रुग्णांना सांगतो. परवा पेणच्या एका आजींनी विचारलं, "चालू कुठं, डॉक्टर? रस्त्यावर गाड्या, नि पावसाळ्यात चिखल!" प्रश्न रास्त आहे. मग चालायला जागा देणं हे काम कोणाचं? याचं उत्तर एका साथीच्या इतिहासात सापडतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या. कोंदट हवेमुळे रोग पसरतो, असा तेव्हा समज होता. म्हणून १८९८ मध्ये सरकारने 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन केला. रुंद रस्ते, मोकळी हवा आणि उजेड हे त्याचं काम. माटुंग्याची 'पाच उद्यानं' त्याच योजनेतली. प्लेग खरं तर उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे नंतर कळलं. ट्रस्टने गरिबांची घरं पाडली जास्त, बांधली कमी, हेही खरं. पण मोकळी जागा हा आरोग्याचा भाग आहे, हे सरकारने मान्य केलं.

आज साथ मधुमेहाची आणि हृदयविकाराची आहे. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार कमी होता. आता जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते.

आपल्याकडे ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. पालिकांकडे सोपवता येतील अशा १८ कामांच्या यादीत बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिली आहेत. शहराच्या विकास आराखड्यात त्यासाठी जागा राखून ठेवतात. मात्र दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरावीक मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होतं. बाग कागदावरच मिटते.

म्हणून पेण असो वा रोहा, नगरपालिकेत जाऊन आराखडा बघा. आपल्या प्रभागातलं बागेचं आरक्षण कुठं आहे, ते नगरसेवकाला विचारा. नवा आराखडा येतो तेव्हा हरकती-सूचना मागवतात, तेव्हा गप्प बसू नका.

आजींना मी तूर्त ओटीवर फेऱ्या मारायला सांगितलं आहे. पण माझ्या चिठ्ठीवरचं हे औषध दुकानात मिळत नाही. ते पालिकेकडेच मागावं लागेल.