जांभळ्याच्या पलीकडे

परवा भाचीने तिच्या नव्या दवाखान्याच्या पाटीचा फोटो पाठवला. "मामा, अशीच मशीनं दुरुस्त करायचास ना रे?" अशीच. आणि मला २००८ मधली सांगली आठवली...

तिथे एका कारखान्यात ॲक्रिलिकवर छापणारं मोठं फ्लॅटबेड मशीन होतं. हेडच्या शेजारी अतिनील दिवा. त्याने शाई 'वाळते' म्हणतात खरं, पण उडून काहीच जात नाही. प्रकाश पडला की शाईतले रेणू एकमेकांना धरतात आणि क्षणात घट्ट होतात. इथे मात्र नख मारलं की छपाई सालपटासारखी निघायची. मोठी ऑर्डर परत आली होती. दिवा लख्ख पेटत होता, तासांचा आकडा १४०. असा दिवा साधारण १००० तास चालतो. मी छातीठोकपणे सांगितलं, शाई खराब आहे! मालकांनी शाईवाल्याला फोनवर नको नको ते ऐकवलं.

आता जरा मागे जाऊ. १८०० मध्ये विल्यम हर्शेलला वर्णपटात लाल रंगाच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नाही तिथे, थर्मामीटर चढलेला आढळला. येना इथल्या योहान रिटरला वाटलं, एका टोकाला काही आहे तर दुसऱ्याही टोकाला असणार. १८०१ मध्ये त्याने सिल्व्हर क्लोराइडवर वर्णपट पाडला. सगळ्यात आधी काळा पडला तो जांभळ्याच्या पलीकडचा भाग, डोळ्याला अंधारच दिसत होता तिथला. पुढे १९०१ मध्ये अमेरिकेत पीटर कूपर ह्युइटने पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचं पेटंट घेतलं. साधी काच अतिनील किरण बरेचसे अडवते, म्हणून नंतर क्वार्ट्झच्या नळ्या आल्या. सांगलीचा दिवा याच घराण्यातला.

दुसऱ्या दिवशी नवी शाई घातली. तीच रड. तेव्हा कुठे मी बॅगेतलं किरण मोजायचं मीटर काढलं (आदल्या दिवशी काय धाड भरली होती?). नव्या दिव्याच्या निम्मेही किरण नव्हते. ऑपरेटर पोरगा हळूच म्हणाला, "साहेब, 'दिवा बदला' असा मेसेज सारखा यायचा. शेठ नवा आणत नव्हते. म्हणून मी आकडा शून्य केला."

जुन्या दिव्याचं क्वार्ट्झ धुरकट होतं, आरशावर शाईचे बारीक तुषार बसतात. अतिनील आधी जातं, दिसणारा उजेड तसाच राहतो. आम्ही सगळे त्या उजेडाकडे बघत बसलो होतो.

नवा दिवा हातमोजे घालून बसवला, कारण बोटाचा तेलकट डाग क्वार्ट्झमध्ये भाजून निघतो. आरसा अल्कोहोलने पुसला. नख मारलं, ओरखडाही नाही. मी रिपोर्टमध्ये झालं ते सगळं लिहिलं, आकडा शून्य केल्याचंही.

हल्ली नव्या मशीनांत बहुधा ३९५ नॅनोमीटरचे एलईडी असतात. पारा नाही, तापायची वाट बघणं नाही. काच मात्र त्यांचीही पुसावी लागते. असो.

शाईवाल्या काकांना फोन करायला मला आठ दिवस लागले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पोराला काढलं नाही ना हो?"

काढलं होतं.