जपानी भाषेचे स्वयंअध्ययन

जपानी भाषेचे स्वयंअध्ययन म्हणजे वर्ग अथवा शिक्षकाच्या नियमित मार्गदर्शनाविना, पाठ्यपुस्तके, ध्वनिफिती, शब्दकोश आणि आंतरजालावरील पाठ यांच्या आधारे जपानी भाषा शिकणे होय. नवशिक्यांसाठीची साधने विपुल असून त्यांतील बरीचशी विनामूल्य उपलब्ध आहेत. अडचण येते ती निवडीची आणि क्रमाची. यांपैकी बहुतेक साधनांतील स्पष्टीकरणे इंग्रजी भाषकांना समोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यामुळे मराठी भाषकांना मुळात परिचित असलेल्या वाक्यरचनाही त्यांत विलक्षण म्हणून मांडलेल्या आढळतात, तर मराठी भाषकांना खरोखर अडणाऱ्या गोष्टींकडे दुर्लक्ष होते.

लिपीची तयारी

जपानी लेखनात हिरागाना, काताकाना आणि कांजी या तीन लिपी एकत्र वापरल्या जातात. हिरागाना व काताकाना या अक्षरमाला असून प्रत्येकीत ४६ मूळ चिन्हे आहेत. देशी शब्द व व्याकरणिक प्रत्यय प्रामुख्याने हिरागानात, तर इंग्रजीसारख्या परभाषांतून आलेले शब्द काताकानात लिहितात. नित्य सरावाने या दोन्ही अक्षरमाला काही आठवड्यांत आत्मसात होऊ शकतात.

या चिन्हांचा क्रम मराठी विद्यार्थ्याला ओळखीचा वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे. ‘गोजुओन’ नावाच्या या मांडणीत प्रथम पाच स्वर आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या द्वारे केलेल्या संस्कृत अध्ययनाचा हा परिणाम आहे. ‘ह’ची ओळ ‘म’च्या आधी का, याचे उत्तरही वर्णमालेतच सापडते: त्या ओळीचा प्राचीन उच्चार ‘प’ होता. हे लक्षात आले की जपानी शब्दकोश चाळणे सोपे जाते, कारण त्यातील शब्द याच क्रमाने लावलेले असतात.

काही प्रारंभिक पुस्तके आरंभी रोमन लिपीचा आधार देतात. ‘जॅपनीज फॉर बिझी पीपल’ या पाठ्यपुस्तकाची संपूर्ण रोमन लिपीतील आवृत्तीही निघते. हा आधार लांबला तर पुढील वाचन अडखळते. त्याऐवजी देवनागरीत उच्चार लिहून घेणे मराठी भाषकाला सोयीचे वाटते आणि काही अंशी ते खरेही आहे. जपानी ‘त्सु’मधील व्यंजन मराठीतील ‘चूल’ या शब्दातल्या दंततालव्य ‘च’सारखे, तर ‘चि’मधील व्यंजन ‘चिंच’मधल्या तालव्य ‘च’सारखे आहे. हा भेद मराठी जिभेवर आधीच असतो. मात्र देवनागरीही फसवते. ‘काकू, मावशी’ आणि ‘आजी’ या अर्थांच्या दोन जपानी शब्दांत केवळ मधल्या स्वराच्या लांबीचा फरक आहे. देवनागरीत दोन्ही ‘ओबासान’ असेच लिहिले जातात. म्हणून ध्वनिमुद्रण ऐकल्याशिवाय शब्द वहीत उतरवणे धोक्याचे ठरते. एकदा रुळलेला चुकीचा उच्चार दाखवून देणारे स्वयंअध्ययनात कोणी नसते.

पाठ्यपुस्तके

‘गेन्की’ हे ‘द जपान टाइम्स’ने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेले पाठ्यपुस्तक असून त्याची तिसरी आवृत्ती २०२० मध्ये आली. दोन भागांत मिळून २३ पाठ आहेत. व्याकरण इंग्रजीतून सविस्तर समजावलेले असल्याने एकट्याने शिकणाऱ्यास ते उपयोगी पडते, परंतु त्यातील अनेक सराव दोघांनी मिळून करण्याचे आहेत आणि उत्तरांची पुस्तिका वेगळी घ्यावी लागते.

भारतातील वर्गांमध्ये ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पाठ्यपुस्तक विशेष प्रचलित आहे. त्याच्या प्रारंभिक स्तराचे दोन भाग व एकूण ५० पाठ आहेत. मुख्य पुस्तक संपूर्णपणे जपानीत असून अनुवाद व व्याकरण यांचा खंड स्वतंत्र मिळतो. केवळ मुख्य पुस्तक विकत घेऊन बसलेला नवशिका पहिल्याच पाठात थांबतो, कारण ते वर्गातील शिक्षकाला गृहीत धरून रचलेले आहे.

विनामूल्य साधने

जपान फाउंडेशन या संस्थेचे ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह आंतरजालावरून उतरवून घेता येते. जपानमध्ये राहून काम करणाऱ्या परदेशी व्यक्तींचे दैनंदिन व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून ते तयार केले आहे. याच संस्थेच्या ‘मिनातो’ या संकेतस्थळावर नोंदणी करून स्वयंअध्ययनाचे अभ्यासक्रम घेता येतात. एनएचके वर्ल्ड या प्रसारण संस्थेचे लहान संवादपाठ हिंदीतूनही उपलब्ध आहेत. इंग्रजीचा आत्मविश्वास नसलेल्या विद्यार्थ्यासाठी त्यांचे महत्त्व मोठे आहे.

वाचनासाठी ‘तादोकु’ पद्धतीची श्रेणीबद्ध पुस्तके सुचवली जातात. त्यांतील अगदी पहिल्या श्रेणीत चित्रे भरपूर आणि वाक्ये मोजकी असतात. शब्दकोश न उघडता वाचावे, न कळलेला भाग सोडून द्यावा, आणि पुस्तक जमत नसेल तर दुसरे घ्यावे, असे या पद्धतीचे नियम आहेत.

कांजी आणि शब्दसंग्रह

जपान सरकारच्या २०१० च्या यादीनुसार नित्य वापराच्या कांजींची संख्या २,१३६ आहे. त्यांपैकी १,०२६ प्राथमिक शाळेत शिकवल्या जातात. एका कांजीचे बहुधा एकाहून अधिक उच्चार असतात. ‘पाणी’ या अर्थाची कांजी स्वतंत्रपणे ‘मिझु’, तर जोडशब्दांत ‘सुई’ अशी वाचली जाते. तत्सम आणि देशी शब्दांची जोडी मराठीत ‘जल’ आणि ‘पाणी’ अशी दिसते. जपानीत मात्र दोन्ही एकाच चिन्हाने लिहितात. जेम्स हायसिग यांच्या १९७७ पासून प्रचलित असलेल्या पद्धतीत कांजींचे घटक पाडून गोष्टींच्या साहाय्याने अर्थ व लेखन लक्षात ठेवतात. पहिल्या खंडात उच्चार शिकवलेच जात नाहीत, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे. सुटी कांजी पाठ करण्यापेक्षा ती ज्या शब्दांत येते ते शब्द शिकणे नवशिक्याला अधिक फलदायी ठरते.

उजळणीसाठी ‘आंकी’ हे २००६ मध्ये आलेले सॉफ्टवेअर लोकप्रिय आहे. त्याचे नावच ‘पाठांतर’ या अर्थाचा जपानी शब्द आहे. विसरण्याच्या बेताला आलेले पत्ते ते वाढत्या अंतराने पुन्हा समोर आणते. आंतरजालावरील अनेक विनामूल्य शब्दकोशांच्या मुळाशी ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाचे जिम ब्रीन यांनी सुरू केलेला शब्दसंग्रह आहे.

मराठीशी साम्य व भेद

जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नामाचा वाक्याशी संबंध त्याच्या मागून जोडलेल्या लहान शब्दांनी दाखवला जातो. ‘नो’ हा चा-ची-चे यांच्या, ‘कारा’ हा ‘पासून’च्या, तर ‘मादे’ हा ‘पर्यंत’च्या जागी येतो. ‘काल वाचलेले पुस्तक’ हे ‘किनो योंदा होन’ असे त्याच क्रमाने होते. इंग्रजीतून शिकताना हाच भाग उलटा करून समजून घ्यावा लागतो. मराठीतील ‘ऊन’ प्रत्ययान्त रूपासारखे जपानीत ‘ते’ रूप आहे. ‘खाऊन पाहणे’ म्हणजे ‘ताबेते मिरु’ आणि ‘खाऊन टाकणे’ म्हणजे ‘ताबेते शिमाउ’, मात्र ‘शिमाउ’मध्ये पुष्कळदा खंतीची छटाही असते. इंग्रजी पुस्तकात पानभर जागा घेणारी ही रूपे मराठी समांतर उदाहरणाने लवकर उमगतात.

लिंग व वचन यांनुसार जपानी क्रियापद बदलत नाही, ही सवलत आहे. उलट ‘वा’ आणि ‘गा’ या निपातांमधील भेदाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘तर’ हा शब्द कधी ‘वा’च्या जवळ जातो, पण सर्वत्र नाही. आदरार्थी भाषेचेही तसेच आहे. तू, तुम्ही, आपण यांची सवय असलेल्याला तिची गरज पटते, परंतु जपानीत आदर मुख्यतः क्रियापदातून व्यक्त होतो आणि घराबाहेरच्यांशी बोलताना स्वतःच्या वडीलधाऱ्यांचा उल्लेखही नम्रतेने, आदरार्थी रूप न वापरता करावा लागतो. मराठी सवय येथे आड येते.

परीक्षा

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ मध्ये सुरू झाली. २०१० पासून तिचे एन-५ ते एन-१ असे पाच स्तर असून एन-५ सर्वांत सोपा आहे. परीक्षा जुलै व डिसेंबर महिन्यांत होते. २०१० नंतर शब्द व कांजींची अधिकृत यादी प्रसिद्ध केली जात नाही. बाजारात मिळणाऱ्या ‘एन-५ याद्या’ त्यामुळे अंदाजावर आधारलेल्या असतात. नमुना प्रश्न परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

प्रश्न बहुपर्यायी असून संभाषण व लेखन तपासले जात नाही. केवळ पुस्तकांवरून तयारी करून प्रमाणपत्र मिळवलेल्या विद्यार्थ्याला साधा परिचयही तोंडी करून देता न येणे शक्य असते, आणि नोकरीच्या मुलाखतीत ही उणीव उघड होते. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे या परीक्षेची केंद्रे आहेत. संभाषणाचा सराव हवा असलेल्यांसाठी पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभागात, तसेच टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचे अभ्यासक्रम चालतात.