धांड्याची गाडी, बाटलीचं झाकण

चिखली-मेहकर पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी पहिली-दुसरीच शिकवत आले. या वर्गांच्या कपाटात एक पत्र्याचा डबा असतो. मोजायच्या, जोडायच्या, ओवायच्या सगळ्या वस्तू त्यात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली पिकं कशी बदलत गेली, हे त्या डब्यातून कळतं.

आमच्या लहानपणी वावरात जवारी आणि पऱ्हाटी. कणसं खुडली की उरलेली ताटं, म्हणजे धांडे, पोरांचे. दाताने साल सोलायची, आतला पांढरा, हलका गाभा बोट-बोट तोडायचा आणि सालीच्या टोकदार चिपा त्यात खुपसून जोडत जायचं. चिप बोट कापायची, कुणी रडत बसायचं नाही. बैलगाडी व्हायची, चष्मा व्हायचा. हे कोणत्या गुरुजींनी शिकवलं नव्हतं. थोरल्या भावाचं पाहून धाकट्याला यायचं.

अशा वस्तूंना बालशिक्षणात मान मिळाला तो ताराबाई मोडकांमुळे. लग्नानंतर काही वर्षं त्या आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला होत्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करत असताना १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरी शिक्षणपद्धतीची साधनं सुबक, पण महाग. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि खेड्यातल्या, आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. १९५७ नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. मुलांच्या अंगणात जाऊन भरवायची म्हणून ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली.

माझ्या डब्यात पहिली कित्येक वर्षं धांड्याचेच तुकडे होते. दहा-दहाचे गठ्ठे करायचे. बांधायला सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या रिंगा. पंक्चरवाला कात्रीने कापून फुकट द्यायचा. बत्तिसातून सात घालवायचे तर सुट्या काड्या दोनच. मग पोर एका गठ्ठ्याची रिंग ओढून काढायचं, दहा काड्या जमिनीवर पसरायचं. दशक सुटा होणं म्हणजे काय, ते फळ्यावर खाडाखोड करून कळत नाही. रिंग काढली की कळतं.

नव्वदीनंतर सोयाबीन आलं आणि जवारी मागे हटली. कडबा महागला, धांडे मिळेनात. सोयाबीनच्या कुटारातून गाडी होत नाही. त्याच सुमारास गावातल्या दुकानांत पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्या आल्या, डबा झाकणांनी भरला. २०१५ मध्ये सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकायचं हा विचार, प्रत्येक केंद्राच्या बैठकीत पोचला. फरशांवर संख्यारेषा रंगल्या, झाकणांवर अक्षरं आली. तरुण शिक्षकांनी त्या काळात खिशाला खार लावून केलेलं काम मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याची किंमत फार मोठी आहे.

मला सलतं ते ‘टाकाऊतून टिकाऊ’चं प्रदर्शन. त्यासाठी तालुक्याहून थर्माकोल, चमकी, गोंदाच्या नळ्या विकत येतात, आई-बाप रात्रभर बसून घर बनवतात आणि पोर शेजारी उभं राहून फोटो काढून घेतं. पोराने स्वतः कापलं-चिकटवलं नसेल, तर ती वस्तू टेबलावर ठेवूच नये. वाकडी गाडी चालेल.

हल्ली मुलं ठिबकच्या नळीचे तुकडे आणतात. काळे, एकसारखे, सुतळीत छान ओवले जातात. मोजायला धांड्याइतकेच चांगले. मात्र त्यांच्याबरोबर फवारणीच्या औषधाची झाकणंही येतात. रंगाने तीच सगळ्यात उठून दिसतात, पोरांना तीच आवडतात. पहिलीतलं मूल हातातली वस्तू तोंडात घालतं. म्हणून दर सोमवारी डबा जमिनीवर ओतायचा, ती झाकणं वेचून बाजूला काढायची, पोरांचे हात साबणाने धुवायचे, आणि मगच गणिताचा तास.