मॉइल लिमिटेड : वरिष्ठ अधिकाऱ्यांची व्यावसायिक जडणघडण

केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतील मँगनीज उत्पादक कंपनी. मुख्यालय नागपूर. मँगनीज सापडते ते नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट या पट्ट्यातील सौसर गटाच्या प्राचीन खडकांत.

कंपनीचे मूळ 1896 मधील ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ या ब्रिटिश संस्थेत आहे. 1962 मध्ये 51 टक्के भागभांडवल केंद्र, महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांकडे आले, 1977 मध्ये उर्वरित 49 टक्केही सरकारने घेतले. डिसेंबर 2010 मध्ये समभागांची सार्वजनिक विक्री झाली.

अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालकाखाली वित्त, उत्पादन व नियोजन, वाणिज्य आणि मनुष्यबळ असे पूर्णवेळ संचालक असतात. यांपैकी उत्पादनाची वाट सर्वांत खडतर. कायद्यानुसार प्रत्येक खाण एका पात्र व्यवस्थापकाच्या हाती असावी लागते. ती पात्रता नुसत्या पदवीने येत नाही. खाणीत प्रत्यक्ष अनुभव घेऊन धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा द्यावी लागते, आणि प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र मिळाल्यावरच मोठ्या खाणीची जबाबदारी येते. हे प्रमाणपत्र फक्त खुल्या खाणींपुरते असेल, तर डोंगरी बुजुर्गसारखी खाण चालवता येते, बालाघाटची खोल भूमिगत खाण नाही. कामगारांच्या जिवाची जबाबदारी कायद्याने एकाच व्यक्तीवर टाकलेली असल्याने हा काटेकोरपणा योग्यच आहे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत खाण अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते.

सर्वोच्च पद मात्र एकाच शाखेच्या वाट्याला आलेले नाही. जी. पी. कुंदरगी उत्पादन व नियोजन संचालकपदावरून तेथे पोहोचले, तर मुकुंद चौधरी वित्त संचालकपदावरून. 2022 च्या अखेरीस सूत्रे घेणारे अजित कुमार सक्सेना विशाखापट्टणमच्या राष्ट्रीय इस्पात निगममध्ये संचालक (परिचालन) होते. मँगनीजचा मुख्य ग्राहक पोलाद उद्योगच असल्याने ग्राहकाच्या बाजूचा हा अनुभव कंपनीला मोलाचा ठरतो. संचालकपदांसाठी निवड सार्वजनिक उपक्रम निवड मंडळ करते.

उषा सिंग मनुष्यबळ संचालक, तर रश्मी सिंग वाणिज्य संचालक झाल्या. उत्पादन शाखेत मात्र खाण अधिनियम, 1952 च्या कलम 46 मुळे स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करण्यास दीर्घकाळ बंदी होती. 2019 मध्ये सवलत देऊन तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी दिवसाच्या पाळीत त्यांना, त्यांच्या लेखी संमतीने, खाली उतरण्याची मुभा मिळाली. भूमिगत अनुभवाची पहिली पायरीच तोवर बंद असल्याने, उत्पादन शाखेतून वर येण्याची संधी स्त्री अभियंत्यांना आता कुठे खुली झाली आहे.