बांध कोणाचा? खारेपाटाचा इतिहास वाचताना

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही, खाडीही नाही. तरी आजचा विषय आहे खाडीचं पाणी अडवून केलेली भातशेती. कारण सांगते. तुमच्यापैकी बरेच जण सध्या संशोधन आराखडा लिहिताय आणि बहुतेक आराखडे एकाच जागी अडतात: विषय असतो, पण प्रश्न नसतो. ‘कोकणातील खारजमिनींचा इतिहास’ हा झाला विषय. ‘खारजमिनीचा बांध कोणी सांभाळायचा?’ हा झाला प्रश्न. या प्रश्नाचं बोट धरून आपण रायगडच्या, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या, अलिबाग-पेण भागातल्या खारेपाटात जाऊ.

आधी जमीन समजून घ्या. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे चिखलमातीचा बांध घालायचा, खाडीच्या बाजूने दगड लावायचे आणि मधे उघाडी ठेवायची. उघाडीचं दार ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं, भरतीला बाहेरच्या रेट्याने मिटतं. मग काम पावसाचं. आपल्याकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, तिथे दोन हजारांच्या वर. तो पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो आणि काही वर्षांत खारं सोसणारा भात तग धरतो. पण उन्हाळ्यात मीठ पुन्हा वर येतं, खेकडे बांधात बिळं करतात, उधाणाच्या भरतीला खांड पडते. म्हणजे ही जमीन एकदा मिळवून संपत नाही, ती दरवर्षी राखावी लागते. शिवाय एकाच्या वाट्याचा बांध फुटला तर पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं.

आता कागदाकडे वळू. कुलाब्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये ‘शिलोत्री’ नावाचा जमीनधारा भेटतो. शिलोत्रीदाराने बाहेरचा बांध दुरुस्त ठेवायचा आणि त्याबद्दल कुळाने त्याला सरकारी साऱ्याखेरीज बिघ्याला एक मण भात द्यायचं, अशी ही रीत. घाईत वाचलं तर हा मणभर भात आणखी एक खंड वाटतो. नीट पाहिलं तर तो बांधाच्या दुरुस्तीचा खर्च आहे. म्हणूनच महसुली कागदात एखादी वसुली दिसली की ‘किती?’ याच्यासोबत ‘कशाबद्दल?’ हेही विचारायची सवय लावा. जो बांध राखतो त्याचा भातावर हक्क, असा हा व्यवहार होता. बांध राखणं थांबलं आणि वसुली चालूच राहिली, तर त्याच भाताचा अर्थ बदलतो.

खोतीत कुळांचा राग वाढला तो अशाच प्रश्नावर: राबतो कोण आणि घेतो कोण? २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. इथे थोडं थांबा. देशावर शेत पडीक राहिलं तर तण माजतं. खारेपाटात बांधाकडे दुर्लक्ष झालं तर शेतच खाडीत जातं. तेव्हा नांगर खाली ठेवणं हे खोतासाठी जितकं धोक्याचं, तितकंच कुळासाठीही. त्या सहा वर्षांत बांधावर माती कोण टाकत होतं, हा प्रश्न घेऊन संपाचे कागद पुन्हा वाचून बघा.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई खारजमीन कायदा आला, १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ मालक झालं. न्याय झाला, यात शंका नाही. पण सातबारा शेताचा निघतो आणि बांध असतो सगळ्यांचा. पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने बांधांची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे आली. आज बांध फुटला की शेतकरी कचेरीत अर्ज देतो आणि मंजुरीची वाट बघतो. भरती मात्र मंजुरीसाठी थांबत नाही. दोन-चार दिवस खारं पाणी साचलं तरी त्या हंगामाचं पीक जातं आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे लागतात.

तुलनेसाठी गोव्यातली खाजणं घ्या. तिथे बांध आणि ‘मानस’, म्हणजे पाण्याचं दार, गावकरी संस्था सांभाळत. गावकरांचे हक्क १५२६ च्या पोर्तुगीज ‘फोराल’मध्ये नोंदले आहेत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. दोन्हीकडे पेच सारखाच: जमिनीचे वाटे पडतात, बांधाचे पाडता येत नाहीत.

याचा अर्थ जुनी व्यवस्था बरी होती, असा काढू नका. तिच्यात बांध उभा राहायचा तो कुळाच्या घामावर आणि मान मिळायचा दुसऱ्याला. इतिहासाने विचारायचं ते एवढंच, की हक्क बदलले तेव्हा त्यांच्यासोबतची कामं कोणाकडे गेली.

हाच प्रश्न घेऊन आता आपल्या जिल्ह्यात या. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर झालेले पाझर तलाव, नालाबांध आठवा. तिथे पाणी बाहेर ठेवायचं नसून आत धरायचं आहे, पण दुरुस्ती कोणाची हा मुद्दा तोच. गावातला एक बांध निवडा, तो कोणी बांधला, कोणी दुरुस्त केला आणि पाणी कोणाच्या विहिरीला गेलं, एवढं लिहून काढा. आराखड्याचं पहिलं पान तिथेच तयार होईल.