पॅरिस, १५०० मीटर: आतली लेन सुटली तेव्हा

१२ जुलै २०२४, मोनॅको. याकोब इंगेब्रिग्त्सन ३:२६.७३ मध्ये धावतो, युरोपचा नवा विक्रम. पण सुरुवातीला पुढे पेसमेकर होते. वाऱ्याचा मार त्यांनी खाल्ला. ऑलिंपिकमध्ये पेसमेकर नसतात. शिवाय जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २०२२ ला युजीनमध्ये जेक वाइटमननं आणि २०२३ ला बुडापेस्टमध्ये जॉश करनं त्याला शेवटच्या २०० मीटरमध्येच गाठलं होतं.

६ ऑगस्ट, रात्री ८.५०, स्ताद द फ्रान्स. अंतिम शर्यत. याकोब थोड्याच वेळात पुढे येतो. डाव साधा आहे: वेग इतका ठेवायचा की करच्या पायांत शेवटचा झपाटा उरूच नये.

०:५५. पहिले ४०० मीटर. माझ्या मते घात इथेच झाला. एवढा वेग एकट्यानं ओढायचा म्हणजे मागच्यांना फुकटचा आडोसा द्यायचा.

१:५१. ८०० मीटर. दुसरी फेरी किंचित मंदावलीय, तरी रांग तुटलेली नाही.

२:४७. १२०० मीटर. कर, कोल हॉकर, यारेड नुगुस, तिघंही टप्प्यात. ज्यांना दमवायचं होतं ते दमलेले नाहीत.

शेवटचं वळण. हॉकर आतून घुसू पाहतो. याकोब कडेला सरकतो, फट बंद. हॉकरला पाऊल आखडावं लागतं. इतक्या वेगात लय मोडली की बहुतेकांची शर्यत तिथेच संपते. त्याची संपली नाही, आणि मला त्याचं सर्वांत मोठं कौतुक याचंच वाटतं.

३:१४ च्या आसपास, शेवटची सरळ. कर बाहेरून खांद्याला येऊन भिडतो. याकोबचं सगळं लक्ष त्याच्याकडे, आणि नकळत तो बाहेर ओढला जातो. आतली लेन मोकळी. मघाशी बंद झालेल्या वाटेनंच हॉकर निघतो.

३:२७.६५. हॉकर, ऑलिंपिक विक्रम. कर ३:२७.७९, नुगुस ३:२७.८०.

३:२८.२४. याकोब चौथा. टोकियोत ३:२८.३२ मध्ये त्याला सुवर्ण मिळालं होतं; इथे त्याहून वेगात धावून पदक नाही. चार दिवसांनी ५००० मीटरमध्ये तो बराच वेळ इतरांच्या मागे राहिला, शेवटी पुढे आला आणि सुवर्ण घेऊन गेला.