मंगळवासाची रंगीत तालीम

नाटक प्रेक्षकांपुढे येण्यापूर्वी त्याची रंगीत तालीम करण्याची चाल आपल्या नाटकमंडळ्यांत पूर्वापार चालत आलेली आहे. नटांची भाषणे तोपर्यंत पाठ झालेली असतात. पदांच्या चालीही बसलेल्या असतात. रंगीत तालमीत उघडकीस येतात त्या निराळ्याच गोष्टी. पडद्याची दोरी अडकते, अंगरख्याचा बंद तुटतो, ऐन प्रवेशात दिवा विझतो. मंगळ ग्रहावर मनुष्याने अद्याप पाऊल ठेवलेले नाही. परंतु त्या प्रवेशाची रंगीत तालीम पृथ्वीवर कित्येक वर्षे चालू आहे, आणि तेथेही नेमका हाच अनुभव येत आहे. शास्त्रज्ञांची भाषणे तयार आहेत. अडते ते पडद्याच्या दोरीपाशी.

ह्या तालमीची आवश्यकता काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. मंगळावर पोहोचण्यास सहा ते नऊ महिने लागतात. पृथ्वी आणि मंगळ ह्यांची प्रवासास अनुकूल अशी स्थिती सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. तेव्हा एखादा सुटा भाग मोडला, तर तो पुढच्या आठवड्यात मागवून घेण्याची सोय तेथे नाही. प्रकाशाच्या वेगाने गेलेला संदेशसुद्धा ग्रहांच्या अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटांनी पोहोचतो, आणि उत्तर येण्यास पुन्हा तितकाच वेळ लागतो. हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. म्हणजे घराची भिंत हीच तेथे माणसाची दुसरी कातडी. अशा ठिकाणी घर चालविणे म्हणजे केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही, तो प्राणांचा प्रश्न होतो.

ह्या प्रयोगांचा प्रारंभ मॉस्को येथे झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. १९६७ च्या ५ नोव्हेंबरला तेथील वैद्यक-जीवशास्त्रीय संस्थेत तिघे पुरुष एका बंद कोठडीत शिरले आणि १९६८ च्या ५ नोव्हेंबरला, म्हणजे पुरते एक वर्ष लोटल्यावर, बाहेर आले. वाळविलेले अन्न, जोडीला लहानशा बंदिस्त बागेतील भाजी, आणि पिण्यास त्यांच्याच शरीरातून बाहेर पडलेले, परंतु शुद्ध करून घेतलेले पाणी, अशी ती व्यवस्था होती. चंद्रावर मनुष्य उतरण्यास तेव्हा अजून आठ महिन्यांचा अवधी होता. सारे जग अग्निबाणांच्या उंच झेपेकडे डोळे लावून बसले असता, हे तिघे एका खोलीत पाण्याचा हिशेब मांडीत होते. अंतराळयुगाच्या इतिहासात ह्या हिशेबाला फारसे स्थान मिळालेले नाही. पण मिळावयास हवे होते.

पुढे १९९८ साली अमेरिकेत रॉबर्ट झुब्रिन ह्या अभियंत्याच्या पुढाकाराने मार्स सोसायटी ही संस्था स्थापन झाली. मंगळावर बांधावयाचे घर आधी पृथ्वीवर बांधून त्यात राहून पाहावे, असे ह्या मंडळींनी ठरविले. जागा निवडली ती कॅनडाच्या उत्तर टोकाकडील डेव्हन बेटाची. तेथे हॉटन नावाचे, उल्कापाताने पडलेले, सुमारे २० किलोमीटर रुंदीचे विवर आहे, आणि पास्कल ली ह्या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली १९९७ पासून तेथे मंगळाच्या दृष्टीने संशोधन चालू होते. ओसाड, गोठलेली भूमी. झाड नाही, वस्ती नाही.

२००० सालच्या जुलैत घराचे सामान विमानांतून हवाई छत्र्यांच्या साहाय्याने उतरविण्यात आले. त्यांतील एका खेपेत बोजा छत्रीपासून सुटला आणि जमिनीवर आदळला. घराच्या तयार फरशा, उभारणीसाठी आणलेली क्रेन आणि ट्रेलर ह्यांचा चुराडा झाला. बांधकामासाठी आणलेले कामगार निघून गेले. योजना तेथेच संपावयाची; परंतु संस्थेचे स्वयंसेवक आणि रेझोल्यूट गावचे इन्युइट रहिवासी ह्यांनी मिळून लाकडाच्या फरशा तयार केल्या, परांची बांधल्या, आणि क्रेनशिवाय, हातांच्या बळावर, जुलै संपण्यापूर्वी ते दुमजली घर उभे केले. मंगळावर जे संकट येऊ शकेल, त्याचा पहिला धडा असा घरात पाऊल ठेवण्यापूर्वीच मिळाला. सामान हरवते, शेवटी उपयोगी पडतात ते सुतारकाम जाणणारे हात.

डेव्हन बेटावर वर्षातील थोडेच दिवस राहता येते. म्हणून त्याच संस्थेने २००१ च्या अखेरीस यूटा राज्यात हँक्सव्हिल गावाजवळच्या वाळवंटात दुसरे ठाणे उभारले, आणि २००२ च्या फेब्रुवारीत तेथे पहिले पथक राहावयास आले. तांबड्या मातीच्या, पाण्याने कोरलेल्या ह्या टेकड्या पाहिल्या म्हणजे मंगळाची छायाचित्रे आठवतात. मध्ये पांढरे, गोल, दुमजली घर. खालच्या मजल्यावर पोशाखांची खोली, संडास आणि न्हाणी. वर स्वयंपाकाचा ओटा, एक मोठे मेज आणि एकेका माणसास जेमतेम पुरेल अशा सहा खोल्या. आजवर २०० हून अधिक पथके ह्या घरात राहून गेली. एका पथकात साधारणतः सहा माणसे असतात आणि त्यांचा मुक्काम बहुधा दोन आठवड्यांचा असतो. कोणी नायक, कोणी भूशास्त्रज्ञ, कोणी आरोग्याची जबाबदारी घेणारा, कोणी पथकाचा बातमीदार.

ह्या सर्वांत पथकाच्या अभियंत्याचा दिनक्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. इतरांचा दिवस कुतूहलाने सुरू होतो, ह्याचा काळजीने. टाकीत पाणी किती उरले, विजेचा साठा किती, इंधनवायू किती, पंप नीट चालतो की नाही, नळी कोठे गोठली वा गळते आहे काय, हे त्याने पाहावयाचे आणि त्याचे आकडे रोज संध्याकाळी दूरच्या मदतकेंद्रास कळवावयाचे. पाणी बाहेरच्या टाकीतून पंपाने वर चढते आणि माळ्यावरील लहान टाकीतून घरात उतरते. पंप थांबला की भांडी खरकटी राहतात, अंघोळ राहते, आणि संध्याकाळपर्यंत घरातले हसणेही थांबते. अंघोळ तशीही रोज नसतेच. ती मोजून मापून करावयाची चैन आहे.

बाहेर जावयाचे तर अंतराळपोशाख चढवावा लागतो. हे पोशाख खरोखरीचे हवाबंद नसतात. परंतु शिरस्त्राण, पाठीवरचे ओझे आणि जाड हातमोजे खरेच असतात. दुहेरी दारांच्या चिंचोळ्या खोलीत, जणू काही हवेचा दाब बदलतो आहे असे मानून, काही मिनिटे मुकाट्याने उभे राहावयाचे आणि मगच बाहेरचे दार उघडावयाचे. श्वासाने शिरस्त्राणाच्या काचेवर वाफ धरते आणि समोरचे दिसेनासे होते. हातमोज्यांनी खिळा उचलणे म्हणजे चिमट्याने मोहरी वेचणे. मोकळ्या हाताने पाच मिनिटांत होणारे काम तासभर खाते. दिवसाच्या वेळापत्रकाचे गणित कोठे चुकते, ते कागदावर कळत नाही. ते असे बोटांना कळते.

परत येताना माणसाबरोबर धूळ येते. ती पोशाखावर असते, बुटांवर असते, आणि रात्री अंथरुणातही सापडते. म्हणून झाडणे हे येथील नित्यकर्म आहे. ही केवळ टापटिपीची आवड नव्हे. १९६९ ते १९७२ ह्या काळात चंद्रावर गेलेल्या अमेरिकन यात्रिकांना तेथील बारीक धुळीने असेच छळले; तिने पोशाख झिजविले आणि ती यानातही शिरली. मंगळावर धुळीची वादळे होतात. तेव्हा केरसुणीला अंतराळविद्येच्या साधनांत स्थान द्यावे लागते, हे विनोदाने म्हटलेले नाही.

स्वयंपाक, भांडी, झाडलोट ह्यांच्या पाळ्या सर्वांना, नायकालाही, सारख्याच असतात. अन्न बहुतांशी वाळविलेले, पुड्यांतले वा डब्यांतले. अन्नाचा प्रश्न हवाई बेटांतील मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर बांधलेल्या घुमटात अधिक बारकाईने अभ्यासला गेला. २०१३ साली तेथे सहा जणांचे पथक चार महिने राहिले. त्यांना आयते तयार अन्न आणि टिकाऊ जिनसांपासून स्वतः रांधलेले अन्न, असे दोन्ही प्रकार आळीपाळीने देण्यात आले. एकच चव रोज जिभेवर आली की माणूस हळूहळू कमी खाऊ लागतो, ही दीर्घ प्रवासातील जुनी अडचण. तिच्यावर उपाय शोधण्यासाठी हा सारा प्रपंच होता. कढईतल्या फोडणीचा प्रश्न असा विद्यापीठाच्या संशोधनाचा विषय झाला.

त्याच घुमटात २०१८ च्या फेब्रुवारीत घडलेली घटना ह्या सर्व प्रयोगांच्या मुळाशी जाणारी आहे. चौघांचे पथक आठ महिन्यांसाठी आत गेले. आभाळ भरून आल्यामुळे सूर्यप्रकाशावर चालणारी वीज अपुरी पडली आणि राखीव जनरेटर चालू करणे भाग पडले. त्या धावपळीत एकाला विजेचा धक्का बसला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने तो लवकरच बरा झाला. पण आठ महिन्यांची मोहीम चौथ्या दिवशी संपली. तेथे ना उल्का कोसळली, ना वादळ झाले. अनेक दिवस ढगाळ हवा आणि एक विजेची फळी, इतके पुरे झाले. मंगळावर ह्याच प्रसंगी रुग्णवाहिका आली नसती.

यंत्रांची देखभाल जितकी अवघड, तितकीच माणसांच्या मनाची. मॉस्को येथे २०१० च्या ३ जूनपासून २०११ च्या ४ नोव्हेंबरपर्यंत, ५२० दिवस, सहा पुरुषांना बंद निवासात ठेवण्यात आले. तीन रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन आणि एक चिनी. सर्वांनी मुदत पुरी केली. परंतु महिने लोटत गेले तशी त्यांची हालचाल मंदावली, आणि बहुतेकांची झोप वा जागरूकता ह्यांत काही ना काही बिघाड आढळला. डेव्हन बेटावर २००७ साली सात जणांच्या पथकाने तर ३७ दिवस मंगळाच्या घड्याळाप्रमाणे काढले. मंगळाचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे ४० मिनिटांनी मोठा. उत्तरेकडील उन्हाळ्यात सूर्य मावळतच नसल्यामुळे हा खटाटोप तेथे साधला.

ह्या सर्वांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. वाळवंटात हवा आहे, गुरुत्वाकर्षण पृथ्वीचे आहे, हँक्सव्हिल गाव काही मैलांवर आहे. खरे संकट आले की सोंग सोडून दार उघडावे असा नियमच आहे. मग ह्याला मंगळ का म्हणावे? उत्तर असे की, ह्याला कोणी मंगळ म्हणतच नाही. ह्याला तालीम म्हणतात. तालमीतली तलवार लाकडी असते, परंतु तालमीत अडकलेली दोरी खरीच अडकलेली असते. गोठलेली नळी, संपत आलेले पाणी, भांडी कोणी घासावयाची ह्यावरून झालेली कुरबुर, ह्यांत खोटे काहीच नाही.

अमेरिकेच्या नासा संस्थेने २०२३ च्या जूनपासून २०२४ च्या जुलैपर्यंत ह्यूस्टन येथे चौघांना ३७८ दिवस अशाच घरात ठेवले, तेव्हा नकली मंगळभूमीवरील फेरफटक्यांबरोबर भाजीपाला पिकविणे आणि घराची डागडुजी करणे ही नेमून दिलेली कामे होती. आपल्याही देशात हे काम सुरू झाले आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात लेह येथे इस्रोने लडाख विद्यापीठ, मुंबईची आयआयटी आणि इतर संस्थांच्या सहकार्याने अशी पहिली मोहीम केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लडाखातील त्सो कार खोऱ्यात ८ मीटर व्यासाचा निवास आणि त्याला जोडलेला ५ मीटर व्यासाचा सामानसुमानाचा कक्ष उभारून दोघांचे पथक दहा दिवस राहिले.

मंगळावर पहिले पाऊल टाकणाऱ्याचे नाव शाळेच्या पुस्तकांत छापले जाईल, ह्यात संशय नाही, आणि मुले ते पाठही करतील. परंतु ते पाऊल पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला तरी उठून टाकीतले पाणी मोजावे लागेल, गाळण्या धुवाव्या लागतील, रात्रीची भांडी घासावी लागतील. त्या माणसाचे नाव बहुधा कोठे छापले जाणार नाही. पण पाऊल टाकणारा परत घरी येईल की नाही, हे त्या मोजमापावर अवलंबून राहील. डेव्हन बेटावरच्या लाकडी फरश्यांपासून ते त्सो कारच्या निवासापर्यंत, पाव शतकाच्या ह्या तालमीने शिकविले ते इतकेच, आणि ते थोडके नव्हे.